सायकलची ट्यूब आणि दाबाचा कफ : स्नायू वाळण्याच्या आजारातलं एक प्रकरण

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काका आणि काकू दोघांच्या संमतीनं लिहिलं आहे.)

पार्श्वभूमी

काका एसटीच्या डेपोत ३४ वर्षं मेकॅनिक होते. वय ६७, राहणं सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. घरच्यांना आजार पायात दिसला, पण काकांना तो त्याआधीच हातात जाणवला होता. निवृत्तीनंतरही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या ते हौसेनं उघडून बसत. एकदा चौदा नंबरचा पाना हातातून सुटला. आठवड्याभरात पुन्हा सुटला. “मूठ वळते, पण आवळत नाही,” हे त्यांचं वाक्य मी पहिल्या दिवशीच्या कागदावर जसंच्या तसं उतरवून ठेवलंय. या आजाराचं याहून नेमकं वर्णन मला पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

दीडेक वर्षानं गुडघा दगा द्यायला लागला. चालता चालता पाय गुडघ्यात मुडपायचा आणि माणूस खाली. आधी मणक्यातली नस दबली असेल म्हणून कमरेला पट्टा मिळाला, मग संधिवाताच्या गोळ्या झाल्या. पुढे रक्तात सीपीके (स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) ६४० आलं, तेव्हा पॉलिमायोसायटिस, म्हणजे स्नायूंचा दाह, समजून स्टेरॉइड सुरू झालं. आठ महिन्यांत ताकद जिथल्या तिथे राहिली आणि साखर तेवढी वाढली. शेवटी पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्टनी बोटांची पेरं एकेक करून तपासली, मांडीच्या स्नायूचा तुकडा काढला आणि निदान झालं : इन्क्लूजन बॉडी मायोसायटिस.

हा आजार सहसा पन्नाशीच्या आसपास किंवा त्यानंतर येतो, पुरुषांत जास्त दिसतो आणि सावकाश वाढतो. बोटं मिटणारे खोल स्नायू आणि मांडीचा पुढचा स्नायू, या दोन जागा तो आधी धरतो, आणि बऱ्याचदा एका बाजूला जास्त. स्टेरॉइडला तो दाद देत नाही. त्याला थोपवणारं सिद्ध झालेलं औषध आजमितीला नाही. काकांची झाली तशी फरपट या आजारात नेहमीची आहे. न्यूरॉलॉजिस्टनी स्टेरॉइड हळूहळू उतरवलं आणि काकांना माझ्याकडे, म्हणजे फिजिओथेरपिस्टकडे, पाठवलं. चिठ्ठीवर एवढंच होतं : “व्यायाम, जपून.”

अडचण

आदल्या तीन महिन्यांत काका चार वेळा पडले होते. एकदा देवळाच्या पायरीवर, तीनदा घरात. हात न टेकता उठता येईल अशी सर्वांत कमी उंचीची बैठक भरली ५४ सेंटीमीटर. (साधी खुर्ची ४५ च्या आसपास असते.) खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं आणि परत येऊन बसायचं, याला १७.८ सेकंद लागले. गुडघा सरळ करण्याची ताकद हातात धरायच्या मापकावर उजवीकडे ११ किलो, डावीकडे ८.

काय साधायचंय, असं विचारलं तर काका काकूंकडे बघत म्हणाले, “संडासातून उठताना हिला हाक मारायला लागू नये.”

पेच असा की ताकद टिकवायची तर स्नायूला ओझं द्यावं लागतं. निरोगी माणसात त्यासाठी एका दमात जेमतेम एकदा उचलता येईल त्या वजनाच्या साठ-सत्तर टक्के वजन घेतात. काकांचा गुडघा एवढ्या वजनाखाली कधी मुडपेल याचा नेम नव्हता. आणि तोल सावरायला गज पकडावा तर मूठ आवळत नव्हती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. “स्नायू आधीच झिजतोय, व्यायामानं आणखी झिजेल” ही समजूत घरात होती, आणि खरं सांगायचं तर आमच्या पेशातही ती बरीच वर्षं होती. स्वीडनमध्ये २००३ साली याच आजाराच्या सात जणांना १२ आठवडे घरचा हलका व्यायाम देऊन पाहिलं होतं. त्यांचं नुकसान झालं नाही, पण ताकदही वाढली नाही. म्हणजे भीती अनाठायी होती आणि हलक्या व्यायामाकडून मोठी आशाही. हलका व्यायाम हा दुसरा पर्याय. तिसरा, जड वजनाचा, वर सांगितलेल्या कारणानं मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला.

चौथा पर्याय रक्तप्रवाह मर्यादित करून हलक्या वजनाचा व्यायाम. मांडीच्या मुळाशी हवेचा कफ (बीपी मोजताना दंडाला बांधतात तसा पट्टा) बांधायचा. धमनीतून येणारं रक्त थोडं कमी करायचं, शिरेतून परत जाणारं बरंचसं अडवायचं, आणि त्या अवस्थेत अगदी हलकं वजन उचलायचं. प्राणवायू कमी पडतो, आम्ल साचतं, त्यामुळे एरवी जड वजनालाच कामाला लागणारे मोठे तंतू लवकर जुंपले जातात. जपानमध्ये योशिआकी सातो यांना याची कल्पना १९६६ साली एका श्राद्धविधीत सुचली असं सांगतात. गुडघे मुडपून फार वेळ बसल्यावर पोटऱ्या ठणकू लागल्या, अगदी व्यायामानंतर ठणकतात तशा. लांबलेल्या पूजेत मांडी घालून बसलेल्याला ही गोष्ट वेगळी समजावायला नको. पुढे त्यांनी याला ‘कात्सू’ नाव दिलं. त्याचा अर्थ दाब वाढवणं.

इन्क्लूजन बॉडी मायोसायटिसमध्ये हे आधी करून झालं होतं. ब्राझीलमध्ये २०१० साली एका ६५ वर्षांच्या पुरुषावर १२ आठवडे प्रयोग झाला आणि त्याची ताकद, उठणं-बसणं, मांडीचा घेर, सगळंच सुधारलं. ते वाचून कुणालाही हुरूप येईल, मलाही आला. मग २०१८ साली डेन्मार्कमधली चाचणी प्रसिद्ध झाली : २२ रुग्ण, आठवड्यातून दोनदा, १२ आठवडे. रोजची कामं किती जमतात याच्या प्रश्नावलीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. पायाची ताकद मात्र व्यायाम करणाऱ्यांची टिकली, न करणाऱ्यांची घटली. एका माणसाची गोष्ट आणि बावीस जणांची चाचणी यांत मी चाचणीवर विसंबले आणि काकांना तसंच सांगितलं : “वाढेल असं म्हणत नाही. उतरण कमी होईल अशी आशा आहे.”

“ब्रेक लागेल, इंजिन नवीन होणार नाही,” काका म्हणाले.

निर्णयाआधीच्या तपासण्या

दाबाचा कफ सगळ्यांसाठी नाही. शिरेत पूर्वी गुठळी झालेली असणं, ताब्यात नसलेलं बीपी, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, सिकल सेल, यांतलं काहीही असेल तर विषय तिथेच संपतो. काकांना बीपीची गोळी चालू होती आणि डाव्या पोटरीवर शिरा थोड्या फुगलेल्या होत्या. म्हणून दोन्ही पायांचा डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून घेतला, तो स्वच्छ आला. न्यूरॉलॉजिस्ट आणि गावातले फॅमिली डॉक्टर, दोघांची लेखी संमती घेतली.

धोका किती, हे काकूंनी विचारलं. जपानमधल्या कात्सू केंद्रांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली होती. त्यात सुमारे १२,६०० जणांपैकी जवळजवळ १३ टक्क्यांना त्वचेखाली रक्त साकळलं होतं, शिरेत गुठळी ०.०५५ टक्क्यांना. पण ती प्रशिक्षित लोकांच्या देखरेखीखालची माणसं होती आणि त्यांच्यात काकांसारखे आजारी किती, हा प्रश्न उरतोच. हे मी दोघांना सांगितलं.

इथे काकांनी एक सूचना केली : “एकाच पायाला लावा. दुसरा तसाच ठेवा. मग कळेल कफाचा गुण की आणखी कशाचा.” मी ती मानली नाही. डावा पाय आधीच कमजोर होता, त्यामुळे तुलना सरळ झाली नसती. आणि एक पाय मुद्दाम मागे ठेवायला मन धजेना. या निर्णयाकडे पुढे परत यायचं आहे.

काय केलं

दाब अंदाजानं ठरवायचा नसतो. काकांना आडवं झोपवून कफ मांडीला बांधला, घोट्याच्या आतल्या बाजूला रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारा हातातला डॉपलर धरला आणि धमनीचा सूं-सूं आवाज बंद होईपर्यंत हवा भरली. उजवीकडे १६२, डावीकडे १५६. त्याच्या ४० ते ८० टक्के दाब वापरतात. मी ४० टक्क्यांनी सुरुवात केली, म्हणजे दोन्हीकडे साधारण ६५, आणि तीन आठवड्यांनी ५० टक्क्यांवर गेले. हे आकडे त्या रुंदीच्या कफापुरतेच खरे. कफ जितका अरुंद तितका धमनी बंद व्हायला दाब जास्त लागतो, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला चालत नाही.

वजन ठरवताना काकांना जास्तीत जास्त किती उचलता येतं हे पाहिलंच नाही, कारण तेवढ्यातच इजा झाली असती. सलग पंचवीस वेळा उचलता येईल असं वजन शोधलं : उजव्या घोट्याला दीड किलोची वाळूची पिशवी, डाव्याला एक किलोची. रूढ पद्धत चार फेऱ्यांत ३०, १५, १५, १५ वेळा उचलण्याची असते. आम्ही १५, १०, १० वर सुरू केलं. प्रत्येक फेरीनंतर बीपी बघायचं, वरचा आकडा १८० गेला की थांबायचं. तिसऱ्या फेरीत तो १६८ पर्यंत चढायचा आणि पाच मिनिटांत उतरायचा. मंगळवार आणि शुक्रवार.

हे सगळं समजावताना मी एक चूक केली, ती त्या वेळी चूक वाटली नव्हती. मेकॅनिक माणूस म्हणून टायरची उपमा दिली. म्हटलं, कफ म्हणजे ट्यूब, आपण तिच्यात मापून हवा भरतो, आणि त्या दाबानं रक्त थोडं अडतं. काकांचा चेहरा उजळला. मलाही समजावणं जमल्याचं समाधान वाटलं.

पाचवा आठवडा

मंगळवारी काका टेबलावर बसले आणि लेंगा वर घेताना किंचित घुटमळले. डाव्या मांडीवर, आमचा कफ बसतो त्याच्या चार बोटं खाली, दोन बोटं रुंद जांभळा पट्टा उठला होता. कडा पिवळ्या पडलेल्या, मध्ये ताजा लाल. म्हणजे एकदाचा नव्हता.

काकूंनी सांगितलं. “रोज सकाळी सायकलची ट्यूब आवळतात. मी म्हटलं मॅडमना विचारा, तर म्हणे मॅडमनीच समजावलंय.”

ट्यूब त्यांनी दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर पाठवून दिली. बोटांना गाठ मारता येत नाही, म्हणून दोन्ही टोकांना मोटरसायकलच्या कॅरिअरच्या रबराचे हुक बसवले होते. काम इतकं सुबक की राग धरवेना. पण अरुंद रबर, ताणाला माप नाही, बांधल्यावर किती मिनिटं झाली याचा हिशेब नाही, आणि रोज.

“काका, गेज न लावता टायर कधी भरलात का?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नवशिक्यालासुद्धा भरू दिला नाही.” आणि थोड्या वेळानं : “पण मॅडम, आठवड्याचे दोनच दिवस. बाकीचे पाच दिवस पाय काय करतो? वाळतो.”

त्या दिवशी करायची कामं सरळ होती. लघवीचा रंग विचारला, कारण चहासारखी गडद असती तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर आल्याची शंका होती. तशी ती नव्हती. पोटरीची सूज टेपनं मोजली. डॉपलर पुन्हा केला, गुठळी नव्हती. सीपीके मात्र ११०० आलं. पावलावर बधिरपणाही आला होता, तो तीन दिवसांत गेला.

खरा प्रश्न पुढचा होता. व्यायाम कायमचा बंद करायचा की पुन्हा सुरू करायचा? मुलाचं मत बंद करावा. माझं मन दोन्हीकडे ओढत होतं, आणि त्यातली एक ओढ स्वतःचा कार्यक्रम पूर्ण व्हावा ही होती, हे कबूल करते. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, “दोन आठवडे थांबा, सीपीके परत बघा, मग बोलू.” दोन आठवड्यांनी ते ७१० वर उतरलं. सातव्या आठवड्यात ४० टक्क्यांवरून पुन्हा सुरुवात केली आणि पुढे दाब वाढवलाच नाही.

बदल दुसरीकडे केला. काकांची तक्रार वाजवी होती : पाच दिवस त्यांच्या हाती काहीच नव्हतं. म्हणून पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले आणि त्या उंच काठावरून दिवसातून दोनदा आठ-आठ वेळा उठणं-बसणं दिलं, कफाविना, काकू जवळ असताना. वही ठेवायला सांगितली. डेपोच्या लॉगशीटसारखे रकाने त्यांनी स्वतः आखले. त्याच आठवड्यात संडासात भिंतीला आडवा गज बसला, कमोडवर दहा सेंटीमीटर उंच सीट आली आणि स्लिपर जाऊन मागून पट्ट्याच्या चपला आल्या. ट्यूब पुन्हा बांधली गेली नाही.

नवव्या आठवड्यातली एक गोष्ट

काकू सहज म्हणाल्या, “हल्ली भाकरी आमटीत पार लगदा करून खातात, नाहीतर ठसका लागतो.” हे चार महिने चाललं होतं. गिळायला त्रास होणं या आजारात काही दुर्मीळ नाही, आणि मी पहिल्या दिवसापासून फक्त गुडघे मोजत होते. घास श्वासनलिकेत गेला तर निमोनिया होतो, आणि तो मांडीच्या ताकदीपेक्षा आधी माणूस घेऊन जातो. गिळण्याच्या तपासणीसाठी त्यांना साताऱ्याला पाठवलं. हनुवटी खाली घेऊन लहान घास, पाणी घोट-घोट, जेवताना टीव्ही बंद, एवढ्यानं ठसका बराच कमी झाला.

निष्पन्न

ठरलेल्या २४ पैकी १९ वेळा व्यायाम झाला. थांबण्याच्या दोन आठवड्यांत चार बुडाले, एक पावसात. बाराव्या आठवड्याचे आकडे : हात न टेकता उठण्याची उंची ५४ वरून ५१ सेंटीमीटर. तीन मीटरची फेरी १५.२ सेकंद. ताकद उजवीकडे १२ किलो, डावीकडे साडेआठ. मुठीची ताकद घटली. हातांना कफ लावलाच नव्हता. त्या तीन महिन्यांत काका एकदा पडले, तेही ट्यूबच्या दिवसांत.

ताकदीतली अर्ध्या-एका किलोची वाढ मी वाढ मानत नाही. हातात धरायच्या मापकात माझ्या पकडीनंही तेवढा फरक पडतो. पडणं कमी झालं ते गजामुळे आणि चपलांमुळेही असेल. उंचीचं तसं नाही. कमोड ४२ सेंटीमीटर, सीट १०, म्हणजे ५२. जे काका ५४ वर अडत होते ते ५१ वरून उठू लागले, आणि संडासातून हाक यायची थांबली. हे तीन सेंटीमीटर कफाचे, ठोकळ्यांवरच्या उठाबशांचे, की स्टेरॉइड सुटल्याचे (स्टेरॉइडनंही स्नायू कमजोर होतात), ते मला सांगता येत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत मोठी चूक मोजमापाची. सुरू करण्याआधी सहा आठवडे नुसतं मोजायला हवं होतं. जो आजार आपल्या चालीनं उतरतच असतो, त्यात “तेवढंच राहिलं” हा फायदा असू शकतो, पण उतार किती होता हे माहीत असेल तरच. काकांची एका पायाची सूचना मी सरळ नाकारली. निदान उलटून तरी वापरायची होती : सहा आठवडे एक पाय, पुढचे सहा दुसरा. मग कोणताच पाय मागे राहिला नसता. मेकॅनिकला दोष शोधायची पद्धत माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

दुसरं, उपमा देताना ती कुठे मोडते तेही त्याच दमात सांगेन. आणि घरी काय करायचं नाही याची यादी पहिल्याच दिवशी, काकूंच्या हातात. तिसरं, गिळण्याचा प्रश्न पहिल्या कागदावर छापून ठेवलाय.

या प्रकरणाची चर्चा झाल्यापासून ड्युशेन (लहानपणी सुरू होणारा, स्नायू झिजवणारा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांचे पालकही कफाबद्दल विचारतात. मी नाही म्हणते. त्या आजारात डिस्ट्रोफिन हे स्नायूतलं प्रथिन नसल्यानं रक्तवाहिन्या सैल ठेवणारं विकर स्नायूच्या आवरणावरून हललेलं असतं, त्यामुळे व्यायामात तो स्नायू आधीच रक्ताला तुटलेला असतो. त्यावर आणखी दाब देणं हा वेगळाच खेळ आहे. “स्नायू वाळतात” एवढ्या साम्यावर काकांचा अनुभव तिकडे नेता येणार नाही.

आजची स्थिती

आता अकरा महिने झाले. काका आठवड्यातून एकदा येतात, कफ ४० टक्क्यांवरच. उठण्याची उंची पुन्हा ५३ झाली आहे, म्हणून कमोडची सीट आणखी पाच सेंटीमीटर उंच करून घेतली. डावा पाय ७ किलोवर आला. त्या पायाला कफ चालू ठेवायचा की गुडघा मागे अडवणारा ब्रेस द्यायचा, यावर न्यूरॉलॉजिस्टशी पुढच्या महिन्यात बोलायचं आहे. ब्रेसचं माप मागच्या शुक्रवारी घेतलं. काकांनी त्याचं बिजागर दोनदा उघडझाप करून पाहिलं आणि वंगण कुठे घालायचं ते विचारलं.